मंडपात खेळू नका

दासबोधाचा तिसरा दशक आमच्या गावात दर श्रावणात वाचला जातो. गर्भवासाच्या यातना आल्या की बायका पदर डोळ्यांना लावतात. म्हातारपणाचे हाल आले की म्हातारे एकमेकांकडे बघून हसतात. मधल्या बाळपणाच्या ओव्या मात्र कुणाला न लागता निघून जातात. समर्थ तिथे काय सांगतात? लेकराला दुखलं-खुपलं, भूक लागली, तरी ते सांगायला त्याच्यापाशी वाचा नसते. ते आकांत करतं. आई वरून कुरवाळते, कडेवर घेऊन समजूत घालते. पण पीडा असते आत, आणि ती काही आईला कळत नाही. संसार न केलेल्या माणसाने हे इतकं बारकाईने कुठे पाहिलं असेल, असं मला दर वेळी वाटतं. भिक्षेसाठी दारोदार हिंडणाऱ्याच्या कानावर घराघरातलं रडणं पडत असणार.

समर्थांचा रोख अर्थात वैराग्याकडे आहे. जन्म हेच दुःखाचं मूळ, तेव्हा यात गुंतू नका आणि रामाला धरा. माझं गाडं तिथेच अडतं. वाचणारा वैराग्याकडे वळला, पण ते लेकरू अजून तिथेच रडतंय, त्याचं काय? सज्जनगडाच्या पायऱ्या मी अनेकदा चढले आहे, दासनवमीला रांगेत उभी राहिले आहे. समर्थांशी वाद घालायची माझी लायकी नाही. पण माझी सगळी नोकरी या एका ओवीत गेली, म्हणून बोलते.

मेढ्यापासून वेण्णेच्या काठाने वर गेलं की जी गावं लागतात, त्यातल्या एका गावात मी अंगणवाडी सेविका होते. पासष्ट पूर्ण झाली तशी रजिस्टरं नव्या मुलीच्या हाती देऊन घरी बसले. सुरुवातीची बरीच वर्षं आम्हाला इमारत नव्हती. अंगणवाडी मारुतीच्या देवळात भरायची. एका अंगाला देव, दुसऱ्या अंगाला वजनकाटा, आणि सभामंडपात तीन ते सहा वर्षांची पोरं. पावसाळ्यात इकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. लावणीच्या दिवसांत आज्ज्या पोरांना इरल्याखाली धरून उजाडताच आणून सोडायच्या आणि खाचरात उतरायच्या. मग ती ओली, पेंगुळलेली पोरं, मी आणि मदतनीस मावशी, असा आमचा संसार.

आज्ज्याच का, तर जावळी तालुक्यात ज्या घरातलं कुणी मुंबईला नाही असं घर शोधावं लागतं. आधी नुसते बापे जायचे. मशीद बंदरला, पुढे वाशीच्या मार्केटला, माथाडी म्हणून पाठीवर पोती वाहायला. गावाच्या नावाच्या खोलीत दाटीवाटीने राहायचे आणि यात्रेला गावी यायचे. पुढे बायकाही जाऊ लागल्या. तिकडे जागा पुरत नाही, पाळणाघर परवडत नाही, म्हणून पोर आज्जीपाशी. त्यामुळे मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच होता.

"बाई, माजी आय कवा येनार?"

या प्रश्नाचं गावाने ठरवलेलं उत्तर आहे, "उद्या." आज्जी म्हणते उद्या, चुलती म्हणते उद्या, वाटेवरचा दुकानदार गोळी हातावर ठेवून म्हणतो उद्या. यात कुणाच्या मनात कपट नसतं. रडणं थांबावं एवढीच इच्छा. चंद्र मागणाऱ्या रामाला आरशात चंद्र दाखवल्याची गोष्ट आपण कौतुकाने सांगतोच. पण रामाला आरशातला चंद्र चालला, कारण कौसल्या शेजारी होती. इथे खुद्द आईच मागितली जाते आहे. चार-पाच वेळा 'उद्या' खोटा निघाला की पोर विचारायचं थांबतं, आणि मग मोठी माणसं म्हणतात, "रुळलं बघा."

तसं रुळलेलं एक पोर मी पाहिलं आहे. चार वर्षांचा मुलगा. रडत नसे, भांडत नसे, खिचडी संपवून ताटली जागेवर ठेवी. भेटीला आलेल्या पाहुण्या बाईंनी त्याचं कौतुक केलं. मावशी मात्र मला हळूच म्हणाल्या, "बाई, ह्ये प्वार खेळत न्हाय." मावशींचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण वजनाच्या तक्त्यावर जे दिसत नव्हतं ते त्यांना दिसलं.

खेळ ही गोष्ट मोठ्या माणसांना कळत नाही असं नाही. आमच्याकडे हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस नाम, ज्ञान, वैराग्य, संसाराची असारता सगळं ऐकून होतं. आणि शेवटच्या दिवशी काय असतं? काल्याचं कीर्तन. त्या दिवशी बुवा मोक्षावर बोलत नाहीत. यमुनेच्या वाळवंटात देव सवंगड्यांबरोबर हुतूतू कसा खेळला, चेंडू कसा मारला, शिदोऱ्या एकत्र कालवून काला कसा खाल्ला, हे सांगतात. सप्ताहाचा कळस म्हणजे पोरांचा खेळ. मग टोप्या सावरत सत्तरीचे वारकरी फुगड्या घालतात, पावल्या खेळतात. आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी काका कडेला धावणाऱ्या पोरांवर डोळे वटारतात, "ए, मंडपात खेळू नका रे, कीर्तन चाललंय!" हे मी दर वर्षी पाहते आणि दर वर्षी मला हसू येतं.

सप्ताह काल्यावर का संपतो, हा प्रश्न मी एकदा एका कीर्तनकारांना विचारला. त्यांनी ब्रह्मसूत्रांकडे बोट दाखवलं. तिथे दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच पादात शंका घेतली आहे, की ईश्वराला काहीच मिळवायचं बाकी नाही, मग त्याने एवढं जग निर्माण करण्याची खटपट कशाला केली? ज्याला हेतू असतो त्याला काहीतरी कमी असतं. उत्तर दिलंय ते एका शब्दाचं, लीला. शंकराचार्यांनी भाष्यात त्याला दोन दाखले दिले आहेत. सगळं मिळालेला एखादा राजा जसा उगाच खेळतो तसं. किंवा श्वास जसा काही मिळवायला घेतला-सोडला जात नाही, आपोआप होतो, तसं. आचार्यांच्या मते हे सगळं शेवटी मायेच्या कक्षेतलं. ज्ञानदेवांनी मात्र अमृतानुभवात जगाला चैतन्याचा विलासच म्हटलं. हा वाद पंडितांचा. मला त्यातला राजा दूरचा वाटतो, श्वास जवळचा.

आणि इथे मी अडचणीत सापडते. समर्थ सांगतात, बाळपण म्हणजे न सांगता येणारं दुःख. काल्याचे बुवा सांगतात, बाळपण म्हणजे देवाचा खेळ. दोन्ही आमच्याच परंपरेतले, दोन्ही आमच्याच देवळात, कधी कधी एकाच महिन्यात. मग खरं काय?

भागवतात याची एक जागा आहे. दहाव्या स्कंधात यशोदा कृष्णाला उखळाला बांधते. लोणी चोरलं, मडकं फोडलं, आता मार बसणार, म्हणून तो रडतो. डोळे चोळून चोळून काजळ गालभर पसरतं. पुढे कीर्तनात आपण या प्रसंगावर हसतो, कारण देवच तो, त्याला कसली भीती? पण भागवतातच पहिल्या स्कंधात कुंती कृष्णाची स्तुती करते, तेव्हा तिला नुसतं विश्वरूप वगैरे आठवत नाही. तिला हे काजळ फिसकटलेलं, खाली मान घातलेलं, घाबरलेलं तोंडही आठवतं. ज्याला भय भितं तो भ्यालेला, हे मला कळतच नाही, असं ती म्हणते. कुणी म्हणावं हे? कुंतीने. तान्हा कर्ण जिने पेटीत घालून पाण्यावर सोडला, तिने. व्यासांनी हे जाणून केलं की सहज झालं, मला ठाऊक नाही; पण इतक्या स्तुती करणाऱ्यांत रडणारा देव नेमका तिच्याच डोळ्यांसमोर राहतो. आणि मुळात कृष्ण तरी कोण? जन्मदात्री मथुरेत, पोर गोकुळात दुसरीच्या ओटीत. जावळीतल्या कुठल्याही आज्जीला हे घर ओळखीचं वाटेल.

तेव्हा खेळणारा तोच आणि रडणाराही तोच. हे पुस्तकात वाचण्याआधी मी देवळाच्या फरशीवर पाहिलं होतं.

एक मुलगी होती. आई यात्रा करून संध्याकाळच्या एसटीने मुंबईला गेली. स्टँडवर पोर झोपेत होती, जागी झाली तेव्हा गाडी गेलेली. दुसऱ्या दिवसापासून तिने अंगणवाडीत 'येष्टी' मांडली. पोरांच्या दोन रांगा म्हणजे शिटा, पुढे ताटली फिरवणारा ड्रायव्हर, आणि ही कंडक्टर. जुन्या कॅलेंडरचे तुकडे फाडून तिकिटं करायची, थुंकी लावून एकेकाला द्यायची. वर एक दोरी आहे असं समजून ओढायची आणि तोंडाने आवाज काढायची, 'टिंग.' एसटीत बसलेल्या कुणालाही माहीत आहे, एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चल. ही एकच द्यायची. गाडी थांबायची. पुन्हा तिकिटं, पुन्हा 'टिंग', पुन्हा थांबली. ड्रायव्हर कंटाळायचा, म्हणायचा, "आगं, डब्बल दे की!" ती दोरी सोडायची आणि नवीन तिकिटं फाडायला बसायची. गाडी सुटलीच नाही. कितीतरी दिवस ती गाडी मारुतीसमोर उभी होती.

तिला कुणी विचारलं असतं, तुला काय होतंय, तर समर्थ म्हणतात तसंच झालं असतं. वाचा नाही. मला तर वाटतं, त्या 'टिंग'मध्ये जे होतं ते मलाही शब्दांत मांडता येणार नाही. मी काय केलं? शीट धरून बसले. तिने विचारलं, "कुटं जायाचं?" मी म्हटलं, "मुंबई." तिने तिकीट दिलं. एकदा खेळ मोडल्यावर ती माझ्या मांडीला टेकली तेव्हा मी एवढंच म्हटलं, "आईची आठवण येतीय न्हवं? आता दिवाळीला येणार हाय ती. दिवाळी लांब हाय अजून." ती रडली. रडून झाल्यावर मावशींच्या शेजारी जाऊन बसली. मावशी सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी न बोलता सूप तिच्याकडे थोडं सरकवलं. पोरीने दोन्ही हात तांदळात मनगटापर्यंत खुपसले आणि तशीच बसून राहिली. मावशी तिच्या बोटांच्या भोवतीचे खडे वेचत राहिल्या. खिचडीला त्या दिवशी उशीर झाला.

पुढे तिचा एसटीचा खेळ कधी बंद पडला, गाडी कधी सुटली की सुटलीच नाही, माझ्या लक्षात आलं नाही. ती चूल मांडायला लागली होती एवढं खरं.

प्रशिक्षणात आम्हाला फ्रोबेल शिकवला होता. जर्मनीत १८३७ साली लहान मुलांची शाळा काढणारा, तिला बालकांची बाग म्हणणारा. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं. नंतर कळलं, की तो पाद्र्याचा मुलगा, नऊ महिन्यांचा असताना त्याची आई वारली. त्याची सगळी भाषा देवाची होती. सृष्टीत, माणसात, मुलाच्या खेळात एकच तत्त्व आहे असं मानणारा माणूस. आणि १८५१ साली प्रशियाच्या सरकारने त्याच्या बालवाड्या नास्तिकपणाचा ठपका ठेवून बंद केल्या. बंदी उठली १८६० साली, तोवर तो जाऊन आठ वर्षं झाली होती. धर्म सांभाळणाऱ्यांना पोरांच्या खेळाची भीती वाटावी, ही गोष्ट 'मंडपात खेळू नका'पेक्षा फार वेगळी नाही. काका निदान पोरांना खाऊ तरी देतात.

आमच्या नोकरीचं नाव ज्यांच्यामुळे पडलं त्या ताराबाई मोडक. भावनगरला १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ, मग १९४५ पासून बोर्डीत, पुढे १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर, सोबत अनुताई वाघ. आदिवासी पोरं शाळेत येत नाहीत, कारण ती धाकट्या भावंडांना सांभाळतात आणि गुरं राखतात, हे पाहून त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात आणि कुरणात नेली. गुरुस्थानी माँटेसोरी. पण माँटेसोरीबाईंना लहानग्यांच्या कल्पनेच्या खेळांचं, परीकथांचं फारसं प्रेम नव्हतं; ताराबाईंनी आणि त्यांचे सहकारी गिजुभाई बधेका यांनी आपल्याकडची गोष्ट, गाणं, माती, शिंपले त्यात आणले. माझ्या मते ही त्यांची सगळ्यात मोठी दुरुस्ती. माँटेसोरीच्या शाळेत माझ्या कंडक्टरणीला कदाचित खरे ठोकळे मिळाले असते, एसटी मिळाली नसती.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर गेली. योजनेच्या उद्दिष्टांत मुलाच्या शारीरिक विकासाबरोबर मानसिक विकासाचं नाव पहिल्यापासून आहे. वजन, उंची, दंडाचा घेर, लसी, आहार यांचे रकाने भरत गेले. पोषणाने पोरं वाचली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्याला नावं ठेवणार नाही. आता मनाकडेही लक्ष गेलंय, 'खेळातून शिक्षण' सगळीकडे आहे, ते चांगलंच आहे. फक्त 'खेळातून' हा शब्द मला टोचतो. खेळातून काहीतरी बाहेर काढायचं असतं. आधी अक्षरं काढत होतो, आता भावना काढतो. ज्या सूत्राने देवाला हेतूपासून मोकळं केलं, ते आपण चार वर्षांच्या पोराला लागू करायला तयार नाही.

पण लीला म्हणून हात जोडून बाजूला बसणं, हाही पळ काढण्याचाच प्रकार आहे. भातुकलीत एकदा एक मुलगा दारुडा झाला. झोकांड्या खात आला, चुलीला लाथ मारली, "कुटं मेली तुजी आय?" म्हणून ओरडला. आमच्या तालुक्यात बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्याचं नाव झालं. पण ज्याला प्यायचीच आहे त्याला शेजारचा तालुका असतो. खेळणाऱ्या मुलींनी मातीची भांडी पटापट पदरात लपवली, इतक्या सराईतपणे, की माझ्या पोटात कालवलं. मग त्यानेच दुसऱ्याला दारुडा केलं आणि स्वतः बाळ होऊन कोपऱ्यात कान झाकून बसला. दारातून बघणारी एक बाई म्हणाली, "असले घाण खेळ काय खेळू देता?" मी खेळ मोडला नाही. कुणाला लागणार नाही एवढं पाहिलं. संध्याकाळी मात्र गृहभेटीच्या नावाखाली त्याच्या घरी गेले आणि त्याच्या आईशी बोलले, पुढेही जात राहिले. खेळ त्याचा होता, त्याच्या घरातलं मात्र त्याच्या एकट्यावर टाकायचं नव्हतं.

देवळातल्या भिंतीवर सूर्याकडे झेपावणारा बाळ मारुती रंगवलेला होता, पोरं त्याच्याखाली ओट्यावरून उड्या मारायची. ती गोष्ट आपण अर्धीच सांगतो. सूर्याला फळ समजून झेपावणं हा पोराचा खेळच. इंद्राने वज्र मारलं, हनुवटी फुटली, पोर डोंगरावर कोसळलं. पुढचं रामायणात आहे ते असं, की वायूने आपल्या लेकराला उचललं, गुहेत नेलं, मांडीवर घेतलं आणि वाहणं थांबवलं. लढायला गेला नाही, इंद्राला शाप दिला नाही. नुसता पोराला घेऊन बसला. तिन्ही लोकांचा श्वास कोंडला. देव ब्रह्मदेवाला घेऊन गुहेच्या तोंडाशी आले, ब्रह्मदेवाने पोराला हात लावून उठवलं, तेव्हा कुठे वारा सुटला. आचार्यांनी खेळाला श्वासाचा दाखला दिला आणि इथे एका पोराचा खेळ मोडला तर जगाचा श्वास अडला. या दोन गोष्टी कुणी जोडून सांगितलेल्या मी ऐकल्या नाहीत. देवळातल्या त्या भिंतीखाली बसून मीच जोडल्या. जाणकारांना पटतील न पटतील.

तो न खेळणारा मुलगा बराच काळ खेळला नाही. मी त्याला बोलावलं नाही, बक्षीस दाखवलं नाही. मावशी रोज त्याला पाणी भरायला सोबत न्यायच्या. एक दिवस त्याने हंड्याच्या तोंडाशी तोंड नेऊन आत हाक मारली, 'ओ...' हंडा घुमला. त्याने परत मारली. मग दुसरी पोरं आली, रांग लागली, दंगा झाला, हंडा आडवा झाला, सगळं पाणी सभामंडपात. पुजारी ओरडले. मावशींनी पदर खोचला आणि पुसायला घेतलं. तोंडाने पोरांना शिव्या, पण हंडा पुन्हा भरून आणला तो त्याच्याच हाती दिला.

नवी सेविका हुशार आहे, पदवीधर आहे, मला काकू म्हणते. परवा वही घेऊन आली. आमच्या शेजारचा पोरगा सकाळपासून एका भोकातून मुंग्या येताना बघत बसला होता, मध्येच त्यांच्यासाठी काडीचा पूल करत होता. "काकू, याला 'काय साध्य झालं'मध्ये काय लिहू?" मी म्हटलं, "खेळला, एवढं लिही." ती हसली. "तेवढ्याने रकाना भरत नाही ओ." आणि तिने 'निरीक्षणक्षमता व सूक्ष्म स्नायू विकास' असं लिहून टाकलं, कारण साडेदहा वाजले होते आणि तांदूळ अजून निवडायचे होते.